उकिडवे बसलेले आठ जण

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला, दोन्ही संघ नेपाळला हरवून जिंकले. छाती फुगलीच! पण मॅटवरचा तो झगमगाट पाहताना माझ्या डोळ्यांपुढे राखेने आखलेल्या रेघा आणि तिसरी-चौथीची पोरं होती.

खो-खो फार जुना, पण त्याला लेखी नियम मिळाले ते १९१४ साली, पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात. हुतूतूचे नियम बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली छापले. नियम लिहिले गेले म्हणजे काय झाले? तर "आमच्याकडे असंच असतं" हे भांडण मिटले. लहान मुलांबरोबर खेळ घेतलेला माणूसच याचे मोल जाणे! १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिके दाखवली, १९९० साली ती आशियाई स्पर्धांत गेली. हे सर्वांना ठाऊक आहेच.

मला कौतुक वाटते ते खो-खोच्या रचनेचे. नऊपैकी आठ जण उकिडवे बसलेले, एकाआड एक उलट दिशेला तोंडे. पळतो एकच, आणि त्याला मागे वळता येत नाही. पळणारा पाटीच्या पलीकडे गेला की याने बसलेल्याला पाठीमागून खो द्यायचा आणि त्याच्या जागी बसायचे. आठ वर्षांच्या मुलाला हे किती जड जाते म्हणून सांगू! गडी हाताशी आलेला असतो, आणि तो सोडून द्यायचा दुसऱ्यासाठी. बसलेल्यानेही खो मिळाल्याशिवाय उठायचे नाही. पुढे आमच्याकडे परिपाठात दहा मूल्यांची यादी आली, मुलांनी ती घडाघडा पाठ केली. असो. यादीला माझा विरोध नाही, पण पाठ म्हणून दाखवताना कुणाला काही सोडावे लागत नाही.

हुतूतूची गोष्ट वेगळी. तिथे स्पर्शाशिवाय खेळच नाही. संजीवनी प्रकारात समोरचा गडी मारला की आपला बाद झालेला गडी उठतो, मग तो कुठल्या आळीतला हे कोण बघतो?

पण बघणारे होते. सत्तरच्या दशकात मी ज्या गावी होतो तिथे पाण्याचे माठ दोन होते, याहून अधिक सांगायला नको. एका पालकाने शाळेत येऊन सुनावले, "गुरुजी, आमच्या पोराला त्यांच्या पोरांबरोबर हात धरायला लावता?" मी म्हटले, "साखळी न करता चढाईचा गडी कसा धरायचा तेवढं सांगा, तसं शिकवतो." ते रागाने गेले. मुलगा आठ दिवस शाळेत आला नाही. नवव्या दिवशी आपणहून आला आणि सरळ साखळीत जाऊन उभा राहिला, त्याच पोराच्या हातात हात घालून. वडील नंतर कधी बोलायला आले नाहीत. तालुक्याच्या सामन्यांना मात्र कुंपणापाशी उभे होते. "पाय धर, पाय धर त्याचा!" म्हणून ओरडत होते, आणि ते काही त्यांच्या मुलाला नव्हते.

माठ एक व्हायला पुढे तीन वर्षे लागली.