कावळ्याचे चार दिवस

भाचीच्या मोबाइलमध्ये एक ॲप आहे. ते तिला रोज सकाळी सांगतं: आज पळ, उद्या नुसती चाल, परवापासून जवस खा. पाळीच्या चक्राप्रमाणे व्यायाम, जेवण, झोप सगळं बदलायचं, असा तो प्रकार. तिने कौतुकाने दाखवलं आणि वर विचारलं, “मावशी, आपल्याकडे हे होतंच ना आधीपासून? बायकांना चार दिवस विश्रांती?” मी ‘हो’ म्हणणार होते, तेवढ्यात वाईच्या वाड्यातली जिन्याखालची जागा डोळ्यांपुढे आली.

१९६२-६३ साल असेल. मागच्या पडवीत, जिन्याखाली, बाजूला बसणारीची जागा ठरलेली होती. एक घोंगडी, एक तांब्या-भांडं, आणि उशाला पाट. हो, पाटच. कापसाची उशी विटाळते, मग ती उसवून पिंजायची कुणी? लोकरीला विटाळ नाही म्हणून घोंगडी. जेवण वरून वाढायचं, पाणी वरून ओतायचं. मोठ्यांची शिवाशिव चालत नसे, पण माझा चुलतभाऊ तेव्हा अंगावर पीत होता. त्याला भूक लागली की आजी त्याचं झबलं काढायची आणि तसाच नागडा काकूकडे सोडायची. कापडाला विटाळ होतो, नागड्या पोराला होत नाही. तो रांगत जिन्याखाली जायचा, पिऊन परत यायचा, की पुन्हा झबलं. आम्हाला सांगितलं होतं, काकूला कावळा शिवलाय. मी कितीतरी दिवस परसात तो कावळा शोधत होते.

काकूला विश्रांती मिळायची का? अर्धी. कोरड्याला विटाळ नाही, असा आजीचा निवाडा होता, म्हणून सुपं भरभरून गहू तिच्यासमोर यायचे. पण स्वयंपाक नाही, पाणी भरणं नाही, आणि गहू निवडून झाले की घोंगडीवर आडवं पडून वाचनालयातली कादंबरी. पुढे म्हातारपणी ती मला म्हणाली होती, “महिन्यात तेवढे चारच दिवस मला कुणी हाक मारत नव्हतं.” हे वाक्य मी विसरू शकत नाही. त्या पाटाच्या उशीवरही तिला सुटल्यासारखं वाटत होतं, तर उरलेले सव्वीस दिवस कसे असतील!

मी पुढे शाळेत संस्कृत शिकवलं. निवृत्त झाल्यावर, वेळ होता म्हणून, या चार दिवसांचं मूळ शोधत बसले. आयुर्वेदात त्याला रजस्वला परिचर्या म्हणतात आणि सुश्रुताच्या शारीरस्थानात ती सविस्तर आली आहे. तीन दिवस दर्भाच्या अंथरुणावर झोपावं. तळहातावर, मातीच्या परळात किंवा पानावर जेवावं. जेवण साधं, हविष्यान्न. वाग्भट दूध आणि जव सांगतो, तेही थोडकंच, कोठा साफ व्हावा म्हणून. इथपर्यंत भाचीच्या ॲपला शोभेल असंच आहे. पण पुढची यादी वाचली की हसू आटतं. दिवसा झोपली तर मूल झोपाळू होईल. काजळ घातलं तर आंधळं. रडली तर त्याची नजर बिघडेल. नखं कापली तर त्याची नखं वाईट. पळाली तर मूल चंचल, हसली तर त्याचे दात-ओठ काळे, फार बोलली तर बडबडं, केस विंचरले तर टकलं. साऱ्या यादीत जपलंय ते पुढे होणाऱ्या मुलाला. बाईची पाठ दुखते, पोटात कळा येतात, म्हणून तिने पडून राहावं, असं त्या यादीत काही मला सापडलं नाही.

आणि ही यादी मुळात वैद्यांची तरी कुठे? तैत्तिरीय संहितेत ती सुश्रुताच्या आधीच येऊन गेली आहे. इंद्राने विश्वरूपाला मारलं, ब्रह्महत्येचं पाप लागलं, ते त्याने वाटून टाकलं. एक वाटा पृथ्वीने घेतला, एक झाडांनी, एक बायकांनी. बायकांचा वाटा म्हणजे पाळी. मग त्या दिवसांत तिने काय केलं तर कसं मूल होईल, तेही तिथेच: काजळ, तेल, नखं, विंचरणं, जवळजवळ तेच. बाईने मात्र इंद्राला काही केलं नव्हतं.

आमच्या आजीला यातलं अक्षरही माहीत नव्हतं. तिला ऋषिपंचमीची कहाणी माहीत होती: पाळीत घरभर शिवाशिव केली म्हणून बाई कुत्री झाली आणि तिचा नवरा बैल. पाळी गेल्यावरही ती भाद्रपदातली पंचमी तिने सोडली नाही. आघाड्याच्या काड्यांनी दात घासायचे, बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही, म्हणून परसात हाताने लावलेल्या भाज्यांची ऋषीची भाजी. चाळीस वर्षांत नकळत झालेल्या शिवाशिवीची ती फेड. भाजी अप्रतिम व्हायची, हे मात्र खरं.

आता खरी गोष्ट. आमच्याकडे भांडी घासायला एक बाई यायची. महिन्याचे तीसही दिवस. मी आजीला विचारलं, “हिला कावळा शिवत नाही?” आजी म्हणाली, “त्यांना नसतं गं तसलं.” तिने घासलेली भांडी आजी एरवीही पुन्हा विसळून घ्यायचीच, त्यामुळे वेगळं विचारायची गरज पडत नव्हती. आमच्या जिन्याखालच्या घोंगडीचा खर्च घरातल्या बाकीच्या तीन बायका आणि ही एक अशा चौघी मिळून उचलत होत्या. जिच्या जागी दुसरे हात नव्हते, तिला ना विटाळ परवडत होता, ना विश्रांती.

वाडा मोडला, फ्लॅट आले, दुसरे हात गेले, जिन्याखालची जागाही गेली. देव मात्र फ्लॅटमध्येही आले. मग कालनिर्णयवर तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा बारीक ठिपका आला. गौरींच्या आधी आमच्या शिक्षिकांच्या खोलीत हे ठिपके मोजले जायचे आणि एखादीचा ठिपका नेमका गौरीजेवणावर आला की औषधाच्या दुकानातून नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या यायच्या. पाळीच्या तीनेक दिवस आधी सुरू करायच्या, सण झाला की बंद. दोन-तीन दिवसांत पाळी हजर. आजीच्या पिढीने दिवस पाळीप्रमाणे बदलले, आम्ही पाळी दिवसांप्रमाणे. मीही घेतल्या आहेत, डॉक्टरांना न विचारता, दोन वर्षं लागोपाठ. दुसऱ्या वर्षी पुढचा पूर्ण महिना डोकेदुखीत गेला. गौरींना त्याचं काही वाटलं असेल असं मला तरी वाटत नाही.

म्हणून भाचीला मी म्हटलं, तुझं ॲप तुझ्यासाठी आहे, एवढी गोष्ट त्याची मला आवडली. त्यात मूल नाही, इंद्र नाही, बैल नाही. दुखत असेल तर पड, नसेल तर पळ. शास्त्रीय म्हणशील तर तुझं अंग काय म्हणतंय ते आधी ऐक, जवसाचं नंतर बघू. पण ‘आपल्याकडे विश्रांती होती’ हे कुणाला सांगू नकोस. काही घरांत होती, आणि तिचं नाव विटाळ होतं.

मोकळ्या नावाने, रजा म्हणून, ती सरकारी नोकरीतल्या बायकांना बिहारने १९९२ साली दिली, महिन्याला दोन दिवस. आपल्या बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. कारणं अनेक होती: अंगावर काढलेले आजार, घातलेली भीती, पिशवी काढायला तयार बसलेली खासगी रुग्णालयं. आणि फडावरचा हिशेब. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल दोघांच्या नावावर. ती एक दिवस पालावर पडून राहिली, तर मुकादम त्याला विटाळ म्हणत नाही आणि विश्रांतीही म्हणत नाही. खाडा म्हणतो, आणि त्याचे पैसे कापतो.