भटक्या मज्जातंतूची कहाणी

माझ्या थोरल्या वहिनींना एके काळी रात्रभर झोप होऊनही सकाळी पाण्याची कळशी उचलवत नसे. घरात कुजबूज सुरू झाली, ‘हिला कामाचा कंटाळा.’ शिकलासवरलेला मीही तेच म्हणालो, हे कबूल करतो. पुढे तपासणीत ल्यूपस निघाला.

या रोगात कुंपणच शेत खाते. रोगजंतूंशी लढणारी शरीरातली शक्ती स्वतःच्याच सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडांवर उलटते. रुग्णांत दहापैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात. औषधांनी दाह आटोक्यात आला तरी थकवा पुष्कळदा मागे राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याला आळस म्हणणे सोपे जाते.

या थकव्यावर कानाला यंत्र लावून विजेचा सौम्य प्रवाह देण्याचा उपाय अलीकडे तपासला जात आहे. गंडेदोऱ्यातला प्रकार वाटतो ना? मलाही वाटला. पण मी पडलो इतिहासाचा मास्तर. म्हणून जरा मागे जाऊन पाहिले.

दुखण्यावर वीज वापरण्याची युक्ती फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमचा वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने वातरक्ताच्या रोग्यासाठी एक उपाय लिहून ठेवला: ओल्या समुद्रकिनाऱ्यावर विजेचा धक्का देणारा जिवंत मासा पायाखाली घ्यावा आणि गुडघ्यापर्यंत बधिरता येईतो उभे राहावे! ठणका थांबतही असेल. का थांबतो, हे त्याला कळणे शक्य नव्हते.

ते कळण्याची वाट ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरी उघडली. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाला रात्री झोपेत एक प्रयोग सुचला. त्याने अर्धवट जागेपणी तो चिठोऱ्यावर खरडला, आणि सकाळी पाहतो तो स्वतःचेच अक्षर लागेना! पुढल्या रात्री तीच कल्पना पुन्हा सुचली, तसा तो उठून थेट प्रयोगशाळेत गेला. बेडकाच्या हृदयाकडे जाणारा मज्जातंतू विजेने चेतवताच हृदय मंदावले. त्या हृदयाभोवतीचे पाणी दुसऱ्या बेडकाच्या हृदयाला दिले, तर तेही मंदावले. म्हणजे मज्जातंतू आपला निरोप रसायनाच्या हाती धाडतो. हा शोध १९२१ साली प्रसिद्ध झाला. १९३६ साली लोवीला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

तो मज्जातंतू म्हणजे व्हेगस. या लॅटिन शब्दाचा अर्थ भटका. मेंदूतून निघून तो गळा, हृदय, जठर, आतडी असा हिंडत जातो. त्याची एक फांदी कानाच्या खळग्यात येते. कान कोरताना कित्येकांना मध्येच खोकला येतो, तो याच भटक्यामुळे.

२००० साली अमेरिकेत केव्हिन ट्रेसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांत दाखवले की, हा मज्जातंतू चेतवला तर दाह भडकवणारे टी.एन.एफ. नावाचे द्रव्य कमी होते. भटक्या राखणदारांशी बोलतो, हे त्यावरून उमगले.

मग २०२१ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ल्यूपसचे १८ रुग्ण. १२ जणांच्या कानाला खरा प्रवाह दिला. सहांना यंत्र लावले, पण प्रवाह दिला नाही, कारण नुसत्या आशेनेही माणसाला बरे वाटते. रोज पाच मिनिटे, असे चार दिवस. पाचव्या दिवशी खरा प्रवाह मिळालेल्यांच्या वेदना आणि थकवा लक्षणीय उतरले होते. निकाल उत्साह वाढवणारा खरा. पण अठरा माणसे आणि चार दिवस एवढ्यावर औषध ठरत नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने असे एक उपकरण मंजूर केले, पण ते शस्त्रक्रियेने मानेत बसवायचे आणि आमवातासाठी.

हे सारे मी वहिनींना सांगितले. त्यांनी विचारले, “भाऊजी, कानाचं ते यंत्र मला मिळेल का?”

“अजून त्याची पुरती पारख झालेली नाही, वहिनी. डॉक्टरांच्या गोळ्या मात्र सोडू नका.”

“बरं,” त्या म्हणाल्या, “मग तोवर कळशी तुम्ही उचला.”