ऋतुचर्या

ऋतुचर्या : ऋतुमानातील बदलांनुसार आहार, व्यायाम, स्नान, निद्रा व शरीरशोधन यांत करावयाच्या फेरबदलांसंबंधीचे आयुर्वेदातील विवेचन. दिनचर्या व सद्‌वृत्त यांच्याबरोबर तिचा समावेश स्वस्थवृत्तात, म्हणजे निरोगी माणसाचे आरोग्य टिकविण्याच्या शाखेत होतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहावा अध्याय (तस्याशितीय), सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सहावा व उत्तरतंत्रातील चौसष्टावा अध्याय, अष्टांगसंग्रहाच्या सूत्रस्थानातील चौथा अध्याय आणि अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील तिसरा अध्याय ही तिची मुख्य स्थाने होत. या ग्रंथांतील नियम आज बहुधा सहा ऋतूंच्या एका ठरावीक कोष्टकाच्या स्वरूपात सांगितले जातात. मूळ ग्रंथांत मात्र असे एकच कोष्टक नाही. ऋतू कोणता हे कशावरून ठरवावे, हा प्रश्न त्या ग्रंथकारांनाही पडला होता आणि ऋतुचर्येचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्या प्रश्नाचा इतिहास आहे.

ऋतुविभाग : ऋतूंची संख्या वैदिक वाङ्‌मयातही सर्वत्र सारखी नाही. तैत्तिरीय संहितेत मधु-माधव, शुक्र-शुचि इ. मासनामांच्या जोड्यांनी सहा ऋतू सांगितलेले आहेत. ऐतरेय ब्राह्मणात हेमंत व शिशिर एकत्र धरून ऋतू पाचच मानले आहेत. आयुर्वेदाने सहा ही संख्या स्वीकारली आणि वर्षाचे दोन भाग केले. शिशिर, वसंत व ग्रीष्म हा उत्तरायणाचा आदानकाल. यात सूर्य व वारे सृष्टीतील स्निग्धांश शोषून घेतात, तिक्त, कषाय व कटू हे रस क्रमाने बलवान होतात आणि प्राण्यांचे बल घटत जाते. वर्षा, शरद व हेमंत हा दक्षिणायनाचा विसर्गकाल; यात आम्ल, लवण व मधुर रस वाढतात आणि बल परत मिळते. त्यामुळे माणूस सर्वांत दुर्बल असतो तो ग्रीष्माच्या अखेरीस व वर्षाच्या आरंभी आणि सर्वांत बलवान असतो तो हेमंताच्या अखेरीस व शिशिराच्या आरंभी.

याच चौकटीत दोषांची गती बसविलेली आहे. वात ग्रीष्मात साचतो, वर्षात प्रकुपित होतो व शरदात शमतो. पित्त वर्षात साचते, शरदात प्रकुपित होते व हेमंतात शमते. कफ थंडीत साचतो, वसंतात सूर्याच्या तापाने पातळ होऊन प्रकुपित होतो व ग्रीष्मात शमतो. संचय, प्रकोप व प्रशम या तीन अवस्थांची ही कल्पना ऋतुचर्येचा कणा होय. रोग ज्या ऋतूत दिसतो, त्याची तयारी आधीच्या ऋतूत झालेली असते, असे तिचे सार सांगता येईल.

सुश्रुतसंहितेत मात्र एकाच अध्यायात दोन ऋतुक्रम येतात. पहिला माघ-फाल्गुन शिशिर, चैत्र-वैशाख वसंत असा नेहमीचा. दुसऱ्यात शिशिर गळतो आणि ग्रीष्म व वर्षा यांच्यामध्ये ‘प्रावृट्‌’ हा पावसाच्या आरंभीचा ऋतू येतो : भाद्रपद-आश्विन वर्षा, कार्तिक-मार्गशीर्ष शरद, पौष-माघ हेमंत, फाल्गुन-चैत्र वसंत, वैशाख-ज्येष्ठ ग्रीष्म आणि आषाढ-श्रावण प्रावृट्‌. चरकसंहितेच्या विमानस्थानातही असाच क्रम आढळतो. तेथे त्याचे कारण व्यवहाराचे आहे. हेमंत, ग्रीष्म व वर्षा हे थंडी, ऊन व पाऊस यांच्या अतिरेकाचे ऋतू. त्यांच्यामधील प्रावृट्‌, शरद व वसंत हे साधारण ऋतू. वमन, विरेचन, बस्ती ही संशोधने साधारण ऋतूंतच करावयाची. दृढबलाने पुऱ्या केलेल्या सिद्धिस्थानात या तीन ऋतूंचे महिनेही दिले आहेत. एक क्रम आहार-विहारासाठी व दुसरा संशोधनासाठी, अशी व्यवस्था टीकाकारांनी लावली. त्याखेरीज काश्यपाच्या नावावर उद्‌धृत होणाऱ्या एका वचनात वेगळाच खुलासा आढळतो. गंगेच्या दक्षिणेस पाऊस फार, म्हणून तेथे प्रावृट्‌ व वर्षा हे दोन ऋतू. उत्तरेस थंडी फार, म्हणून तेथे हेमंत व शिशिर हे दोन. हा खुलासा अधिक मोलाचा वाटतो, कारण ऋतूंची संख्या कायम राहिली तरी त्यांची वाटणी देशपरत्वे बदलते, हे त्यात स्पष्टपणे मान्य केलेले आहे.

मास, राशी व स्वरूप : या विचाराचा सर्वांत नेमका निर्णय अष्टांगसंग्रहात सापडतो. ऋतू ओळखण्याची तीन लक्षणे तेथे सांगितली आहेत : चांद्रमास, सूर्याची राशी आणि ऋतूचे प्रत्यक्ष स्वरूप. या तिन्हींत विरोध आल्यास पुढचे लक्षण मागच्यापेक्षा बलवान समजून त्यानुसार चर्या ठेवावी, असा नियम घातला आहे. म्हणजे पंचांगातील महिन्यापेक्षा सूर्याची राशी आणि राशीपेक्षाही आभाळात व जमिनीवर दिसणारा ऋतू प्रमाण.

हा नियम किती आवश्यक होता, हे कालगणनेकडे पाहिल्यास कळते. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सु. ११ दिवसांनी लहान असते व अधिक मासाने तो फरक भरून निघेपर्यंत महिने ऋतूंच्या तुलनेत जवळजवळ एका महिन्याने मागेपुढे होत राहतात. राशींचे गणितही स्थिर नाही. वेदांग ज्योतिषात उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी सांगितला आहे. अयनबिंदू जुन्या ग्रंथांत सांगितलेल्या जागी आपल्या काळी राहिलेले नाहीत, हे सहाव्या शतकात वराहमिहिराने नोंदविले. त्याच्या काळी मकरसंक्रमण व उत्तरायणारंभ जवळजवळ एकाच सुमारास येत. अयनचलनामुळे (सु. ७२ वर्षांत एक अंश) आज खरे उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होते आणि पंचांगातील मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला येते. अशा स्थितीत कर्क व सिंह या राशी म्हणजे वर्षाऋतू असे धरले, तर तो १६ जुलैच्या सुमारास लागतो. कोकणात तर पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यातच स्थिरावतो. राशीवर विसंबणाऱ्या कोकणवासीयाला भर पावसात महिनाभर ग्रीष्माचे थंड मंथ प्यावे लागतील आणि दुपारची झोपही घ्यावी लागेल. या दोन्ही गोष्टी वर्षाऋतूत स्पष्टपणे वर्ज्य आहेत.

चर्येचे स्वरूप : हेमंत व शिशिरात जठराग्नी प्रबळ असतो, त्याला पुरेसे इंधन न मिळाल्यास तो शरीरातील रसच जाळतो, म्हणून स्निग्ध व जड अन्न, दूध, गूळ, तेलाचा अभ्यंग, उबदार निवारा व व्यायाम सांगितले आहेत. वसंतात वमन व नस्य, जुने जव व गहू, मध आणि व्यायाम यांचे महत्त्व असून दिवसा झोपणे निषिद्ध आहे. ग्रीष्मात गोड, थंड व पातळ आहार घ्यावा आणि व्यायाम, ऊन, खारट व तिखट पदार्थ टाळावेत. दिवसा झोपण्याची मोकळीक याच एका ऋतूत आहे.

वर्षा व शरद यांचे विवेचन अधिक बारकाईचे आहे आणि ते साहजिकही आहे. वर्षात अग्नी मंद होतो, पाणी गढूळ होते व तिन्ही दोष बिघडू शकतात. म्हणून नदीचे पाणी वर्ज्य करून उकळून निवविलेले पाणी, जुनी धान्ये, थोडा मध आणि कोरडी जागा यांवर भर दिला आहे. रोगजंतूंची कल्पना नसतानाही पाण्याबद्दलची ही सूचना अचूक ठरली. शरदात पावसाने गारठलेल्या शरीरावर एकाएकी कडक ऊन पडते आणि साचलेले पित्त उसळते. महाराष्ट्रात ज्याला ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतात, तो हाच काळ. तिक्त द्रव्यांनी सिद्ध केलेले तूप, विरेचन, रक्तमोक्षण आणि दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निवलेले व अगस्त्याच्या उदयाने निर्विष झालेले ‘हंसोदक’ हे शरदातील उपाय होत. पावसाळ्यानंतर हिवताप व तत्सम ज्वरांचा जोर असतो, हा अनुभव शरदाला वैद्यांची माता म्हणणाऱ्या उक्तीमागे असावा.

एका ऋतूची चर्या सोडून दुसऱ्याची धरणे एकदम करावयाचे नाही. आधीच्या ऋतूचे शेवटचे सात व पुढच्याचे पहिले सात दिवस हा ऋतुसंधी. त्यात जुन्या सवयी क्रमाक्रमाने सोडाव्यात, असे अष्टांगहृदय सांगते. शार्ङ्गधराने कार्तिकाचे शेवटचे आठ व मार्गशीर्षाचे पहिले आठ दिवस यांना ‘यमदंष्ट्रा’ म्हटले असून त्या काळात मिताहार सांगितला आहे.

प्रसार व प्रादेशिक रूपे : अष्टांगसंग्रहाच्या कर्त्याने आपला जन्म सिंधुदेशातील असल्याचे सांगितले आहे. अष्टांगहृदयही वाग्भटाच्याच नावावर आहे; दोन्हींचा कर्ता एकच की काय, याबद्दल मतभेद आहेत. तुटपुंज्या पावसाच्या प्रदेशाशी नाते सांगणाऱ्या या परंपरेतील अष्टांगहृदय पुढे केरळसारख्या अतिपर्जन्याच्या प्रदेशात सर्वाधिक आदराने अभ्यासले गेले, हा योग लक्षणीय आहे. केरळातील वैद्यांनी ऋतुचर्येचे केंद्रच हलविले. कर्कटक महिना (जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य) हा तेथे तैलचिकित्सा व औषधी पेजेचा काळ ठरला. तमिळनाडूच्या किनारपट्टीवर याहून वेगळी अडचण येते. तेथे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे पडतो, त्यामुळे उत्तरेकडील ग्रंथांतला निरभ्र शरद त्या दिवसांत तेथे अवतरतच नाही.

महाराष्ट्रात या विषयाचे मोठे भाष्यकार हेमाद्री (तेरावे शतक) होत. देवगिरीचे यादव राजे महादेव व रामचंद्र यांच्या पदरी असलेल्या या मंत्र्याने अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन ही टीका लिहिली. व्रते व दाने यांचा चतुर्वर्गचिंतामणि हा प्रचंड संग्रहही त्यांचाच. व्रत तिथीला बांधलेले असते; आभाळ कसेही असो, ते टळत नाही. चर्या लक्षणांना बांधलेली असते. हे दोन्ही विषय एकाच पंडिताने हाताळले, तरी लोकव्यवहारात पुढे त्यांची सरमिसळ झाली. पाडव्याचा कडुनिंब, चातुर्मासातील कांदा-लसूण-वांग्यांचा त्याग, कोजागरीचे दूध, दिवाळीचे अभ्यंगस्नान, संक्रांतीचा तिळगूळ यांचा ऋतुचर्येशी मेळ बसतो खरा. पण हे आचार वैद्यकग्रंथांतून निघाले असे म्हणण्यास आधार नाही. चातुर्मासातील त्यागामागे धार्मिक शुचितेची कल्पना उघड आहे, आणि वैद्यकात लसूण हे वातनाशक द्रव्य असल्याने वातप्रकोपाच्या काळात ते वर्ज्य करण्याचे वैद्यकीय कारण दाखविणे कठीणच.

योगाभ्यास : ऋतुचर्येतील व्यायाम म्हणजे योगासने नव्हेत. अष्टांगहृदयात थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीने आणि इतर वेळी अगदी सौम्य व्यायाम सांगितला आहे. त्यात आसनांचा उल्लेख नाही. योगग्रंथांत ऋतुविचार आला तो उशिरा व मर्यादित स्वरूपात. घेरंडसंहितेच्या पाचव्या उपदेशात योगाचा आरंभ वसंत किंवा शरद ऋतूत करावा. हेमंत, शिशिर, ग्रीष्म व वर्षा या ऋतूंत आरंभ केल्यास तो रोगकारक होतो, असे म्हटले आहे. हे वैद्यकातील साधारण ऋतूंच्या कल्पनेशी जुळणारे आहे. त्याच ठिकाणी प्रत्येक ऋतूचे दोन महिने सांगून झाल्यावर त्याच्या ‘अनुभवा’चे चार महिने वेगळे दिले आहेत : माघापासून वैशाखापर्यंत वसंताचा, चैत्रापासून आषाढापर्यंत ग्रीष्माचा, याप्रमाणे. ऋतू एकमेकांत मिसळत जातात, हे येथे कोष्टकाच्या भाषेतच मान्य झाले आहे. हठप्रदीपिकेवरील ज्योत्स्ना या टीकेत ब्रह्मानंदाने सूर्यभेदन व उज्जायी हे उष्ण असल्याने थंडीत, सीत्कारी व शीतली हे थंड असल्याने उन्हाळ्यात हितकर आणि भस्त्रिका समशीतोष्ण असल्याने सर्वकाळ योग्य, असे वर्गीकरण केले. ऋतुपरत्वे प्राणायाम सांगणाऱ्या आजच्या पुस्तकांचा आधार मुख्यतः एवढाच आहे. ऋतुवार आसनांची कोष्टके विसाव्या शतकापूर्वीच्या प्रमुख हठग्रंथांत आढळत नाहीत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना करून योगक्रियांच्या शरीरावरील परिणामांचे प्रयोगशाळेत मापन सुरू केले. घेरंडसंहितेची संपादित आवृत्तीही त्याच संस्थेने काढली.

संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन ठरविला व २०१५ पासून तो पाळला जातो. आयुर्वेदाच्या दृष्टीने हा आदानकालाचा शेवट, म्हणजे वर्षातील सर्वांत कमी बलाचा दिवस. घेरंडसंहितेनुसारही तो नव्याने आरंभ करण्याचा काळ नव्हे. नित्य अभ्यास करणाऱ्यांना ही अडचण नाही. त्या दिवशी प्रथमच आसने करू पाहणाऱ्यांसाठी मात्र मंद व्यायामाचा जुना नियम ध्यानात घेण्याजोगा आहे.

ऋतुविपर्यय : ऋतू आपल्या लक्षणांविपरीत वागल्यास पाणी व वनस्पती दूषित होऊन रोग पसरतात, असे सुश्रुताने म्हटले आहे. चरकाने जनपदोद्ध्वंसाच्या प्रकरणात वायू, जल, देश व काल या चार समाईक कारणांत कालाची विकृती गणली आहे. अवकाळी पाऊस, लांबलेला उन्हाळा किंवा दिवाळीपर्यंत रेंगाळणारा पावसाळा अशा वर्षी चर्या कशी ठेवावी, याचे स्वतंत्र कोष्टक या ग्रंथांनी दिलेले नाही. स्वरूप हे मास व राशी यांहून बलवान, हा अष्टांगसंग्रहातील नियमच अशा वर्षी लागू पडतो.