कुर्डुवाडीला दोन बिंदू हवेत

सोलापूरला रेल्वे आली 1860 साली. पण त्या वर्षी सोलापुरात गाडीत बसून थेट मुंबईला उतरता येत नव्हतं. पुण्याकडचे रूळ खंडाळ्याला संपत, मुंबईकडचे खोपोलीला, आणि मध्ये बोरघाट उभा. तेवढा टप्पा लोक पालखीतून नाहीतर पायी पार करत. घाटातला लोहमार्ग 1863 मध्ये सुरू झाला. तोवर जीआयपी रेल्वेचं जाळं तुटलेलंच होतं.

हा जुना नकाशा जीआयएसमध्ये भरताना असं तुटलेपण लगेच सापडतं. तिथे रूळ म्हणजे रेषा, स्टेशन म्हणजे बिंदू. दोन रेषांची टोकं एकाच बिंदूवर आली तर त्या जोडलेल्या. मधे केसाएवढी फट राहिली तरी तुटलेल्या. मग प्रत्येक बिंदूला किती रेषा येऊन मिळतात ते मोजायचं. एकच असेल तर शेवटचं स्टेशन, तीन किंवा जास्त असतील तर जंक्शन. ऑयलरने 1736 मध्ये सात पुलांचं प्रसिद्ध कोडं उलगडलं ते याच मोजणीने.

सोलापूर जिल्ह्यात मात्र ही मोजणी फसते.

बार्शी ही धान्याची, कापसाची मोठी पेठ, पण मुख्य लोहमार्ग तिला बाजूला ठेवून गेला. 1897 मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरच्या बार्शी लाइट रेल्वेने कुर्डुवाडी ते बार्शी नॅरोगेज मार्ग सुरू केला. तो 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचला. नकाशावर कुर्डुवाडीला चार रेषा मिळतात, म्हणून संगणक सांगतो की लातूर-मुंबई सलग आहे. प्रत्यक्षात एका रुळांची रुंदी 1676 मिलिमीटर, दुसऱ्यांची 762. लातूरचा डबा कुर्डुवाडीच्या पुढे जाऊच शकत नव्हता. पोती हमालांनी पाठीवरून पलीकडच्या डब्यात न्यायची. मुंबई-पुण्याहून निघालेला वारकरीही इथे गाडी बदलूनच पंढरपूरला जाई.

सोलापूरजवळच्या होटगीची गोष्ट जास्त बोचते. 1876-78 च्या भीषण दुष्काळानंतर, पुन्हा अशी वेळ आली तर धान्य पोचावं, म्हणून सदर्न मराठा रेल्वेचे मार्ग आखले गेले. त्यातला होटगी-विजापूर-गदग मार्ग केला मीटरगेज! म्हणजे मुंबईकडून येणारं धान्य ब्रॉडगेजच्या डब्यातून होटगीत उतरवायचं आणि पुन्हा चढवायचं. भुकेसाठी बांधलेल्या मार्गाच्या तोंडाशीच हा खोळंबा. खर्च वाचला असेल, पण मला तो शहाणपणा वाटत नाही.

म्हणून त्या काळाच्या नकाशात कुर्डुवाडीला एकाच जागी दोन बिंदू हवेत, प्रत्येक गेजचा वेगळा. दोघांमध्ये एक छोटी रेषा काढायची. तिची लांबी जवळपास शून्य, पण किंमत शून्य नाही. प्रवाशासाठी ती पुढची गाडी येईपर्यंतचा वेळ, पोत्यासाठी हमाली. डब्यासाठी ती रेषाच नाही. शिवाय प्रत्येक रेषेला साल लावायचं, नाहीतर 1860 च्या प्रवाशाला संगणक आरामात बोरघाट उतरवतो.

2000 नंतरच्या दहा-बारा वर्षांत हे सगळे मार्ग ब्रॉडगेज झाले. आजच्या फाइलमध्ये कुर्डुवाडीला एकच बिंदू पुरतो. तीच फाइल घेऊन कुणी 1911 सालचा लातूर-मुंबई मालवाहतुकीचा खर्च काढायला बसलं, तर कुर्डुवाडीच्या हमालांची मजुरी त्यात कुठेच येणार नाही.