लढाईतून सुखरूप परतलं, खताच्या गोण्यांनी उडालं : ‘ग्रँडकॅम्प’ जहाजाची गोष्ट

ऑगस्ट २०२० मध्ये बैरूत बंदरातल्या स्फोटाचा व्हिडिओ जवळपास प्रत्येकाच्या मोबाईलवर येऊन गेला. गोदामातल्या २,७५० टन अमोनियम नायट्रेटने अर्धं शहर हादरवलं. याच मालाने ७३ वर्षांपूर्वी अमेरिकेतलं एक बंदर उद्ध्वस्त केलं होतं. तिथे माल गोदामात नव्हता, जहाजात होता. आणि गोण्यांवर लिहिलेलं होतं : खत.

त्या जहाजाचं नाव ‘ग्रँडकॅम्प’. ते मूळचं लढाईसाठी बांधलेलं मालवाहू जहाज.

घाईत बांधलेली जहाजं

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या अटलांटिक महासागरात मालवाहू जहाजं पटापट बुडवत होत्या. बुडतील त्यापेक्षा जास्त जहाजं बांधायची, असा अमेरिकेने हिशेब मांडला. एकच नकाशा, एकच सोपं वाफेचं इंजिन, आणि पत्रे रिबिटांनी जोडत बसण्याऐवजी सरळ वेल्डिंग. जहाजाचे मोठे मोठे तुकडे वेगळे तयार करायचे आणि गोदीत आणून जोडायचे. वेल्डिंग करणाऱ्यांत बायकाही मोठ्या संख्येने होत्या. या जहाजांना ‘लिबर्टी’ म्हणत. १९४१ ते १९४५ या काळात अशी २,७१० जहाजं बांधली गेली. त्यातलं एक तर पाच दिवसांच्या आत पाण्यात उतरवलं, अर्थात ते जगाला दाखवण्यासाठी केलेलं काम होतं. एरवी काही आठवडे लागायचेच.

लिबर्टी जहाजाची लांबी ४४१ फूट. माल सुमारे १० हजार टन, म्हणजे दहा टनी हजार ट्रक भरतील इतका. वेग मात्र ताशी २० किलोमीटर, रिकाम्या ट्रॅक्टरएवढा. दिसायला बेढब. थंड समुद्रात काही जहाजांच्या पत्र्याला तडे गेले, एखाद-दुसरं मधोमध फाटलंही. तरी लढाईचा दाणागोटा, दारूगोळा आणि रणगाडे याच जहाजांनी वाहिले.

यातलंच एक १९४२ मध्ये लॉस एंजेलिसच्या गोदीत तयार झालं. नाव ठेवलं ‘बेंजामिन आर. कर्टिस’. लिबर्टी जहाजांना दिवंगत माणसांची नावं देत. कर्टिस हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. काळ्या माणसाला अमेरिकेचं नागरिकत्व मिळू शकत नाही, असा निकाल १८५७ साली आला तेव्हा त्यांनी विरोधात मत नोंदवलं होतं. हे न्यायालय पुढे या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

लढाईत हे जहाज पॅसिफिक महासागरात राबलं. युद्ध संपल्यावर फिलाडेल्फियाला नांगरून ठेवलं गेलं. अशी शेकडो जहाजं तेव्हा बिनकामाची उभी होती आणि युरोपातल्या देशांची स्वतःची जहाजं बुडालेली होती. अमेरिकेने ती त्यांना देऊन टाकायला सुरुवात केली. ग्रीसच्या अनेक जहाजमालकांचा धंदा याच जुन्या लिबर्टींवर उभा राहिला. ‘कर्टिस’ फ्रान्सकडे गेलं आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या एका गावावरून त्याचं नाव ‘ग्रँडकॅम्प’ झालं. आता ते व्यापारी जहाज होतं.

दारूगोळ्याच्या कारखान्यातलं खत

युद्धानंतर युरोपात अन्नधान्याचा तुटवडा होता आणि जमिनीला खत नव्हतं. अमेरिकेत दारूगोळ्यासाठी अमोनियम नायट्रेट बनवणारे सरकारी कारखाने मोकळे झाले होते. नेब्रास्का आणि आयोवा राज्यांतले असे कारखाने खताकडे वळवले गेले. यात नत्र साधारण ३४ टक्के असतं. पिकाला चांगलंच. फक्त ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्याचे गोळे होतात. म्हणून दाण्यांवर मेण, राळ आणि पेट्रोलियमच्या चिकट पदार्थाचा पातळ थर द्यायचे. मेण म्हणजे जळण. ते अशा रसायनावर चढवलं जात होतं, ज्याच्या पोटातच प्राणवायू भरलेला आहे.

माल कागदी पिशव्यांत भरायचे, प्रत्येकी १०० पौंड. म्हणजे ४५ किलो, आपल्याकडच्या युरियाच्या आजच्या गोणीएवढंच वजन. पिशव्या गरम असतानाच रेल्वेने रवाना होत. बंदरावरच्या हमालांना काही पिशव्या हाताला गरम लागत. पण हा माल पेट घेऊ शकतो, फुटू शकतो, असं त्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

ह्युस्टन बंदरात हा माल चढवायला परवानगी नव्हती. म्हणून जहाज टेक्सास सिटीला आलं. आधीच त्यात सुतळी, शेंगदाणे, तंबाखू, कापूस, यंत्रं आणि बंदुकीच्या काडतुसांच्या काही पेट्या होत्या. वर सुमारे २,३०० टन खत दोन खणांत भरलं गेलं.

१६ एप्रिल १९४७

सकाळी आठच्या सुमारास हमाल चार नंबरच्या खणात उतरले, तेव्हा धुराचा वास आला. कुणाची तरी विडी-सिगारेट असावी असा अंदाज, खरं कारण सिद्ध झालं नाही. कुणी पिण्याच्या पाण्याचं भांडं ओतलं, कुणी हातातली आग विझवायची नळकांडी वापरली. मोठ्या पाइपने पाणी मारायचं ठरलं, तेव्हा कॅप्टनने थांबवलं. पाण्याने माल खराब होईल. त्याने झाकणं बंद करून खणात वाफ सोडायला सांगितलं.

जहाजावर आग लागली की हीच पद्धत होती. हवा कोंडली की आग मरते. कापसाची किंवा धान्याची आग असती तर ते बरोबरच होतं. अमोनियम नायट्रेटला मात्र बाहेरची हवा लागतच नाही, प्राणवायू त्याच्यातूनच सुटतो. वाफेने माल आणखी तापला, झाकणांनी दाब वाढवला. मालाचं नाव खत होतं, म्हणून कॅप्टनने खताला लावायचा तोच उपाय लावला.

जहाजातून नारिंगी रंगाचा धूर निघू लागला. रंग इतका वेगळा की लोक बघायला धक्क्यावर जमले, लेकरंही आली. गावाच्या अग्निशमन दलात २८ माणसं होती, सगळी स्वयंसेवक, आपापला कामधंदा सांभाळून येणारी. ती चार गाड्या घेऊन पोचली. पाणी डेकवर पडताच वाफ होऊन उडत होतं.

९ वाजून १२ मिनिटांनी जहाज फुटलं.

दलातले २७ जण जागीच गेले. कॅप्टनही गेला. जवळच्या मोन्सँटो रसायन कारखान्यात १४५ कामगार मेले. आकाशातून जाणारी दोन छोटी विमानं खाली कोसळली. बंदरातलं पाणी लाट होऊन गावात शिरलं. ६० किलोमीटरवरच्या ह्युस्टनमध्ये काचा फुटल्या. जहाजाचा दोन टनी नांगर अडीच किलोमीटर लांब जाऊन जमिनीत रुतला.

शेजारी ‘हाय फ्लायर’ नावाचं दुसरं जहाज उभं होतं. त्यात ९६१ टन तेच खत आणि १,८०० टन गंधक. ते ओढून बाहेर नेण्याचा प्रयत्न रात्रीपर्यंत चालला, पण जहाज हललं नाही. मध्यरात्रीनंतर १ वाजून १० मिनिटांनी तेही फुटलं. तोवर लोकांना धोका समजला होता, म्हणून दुसऱ्या स्फोटात जीवितहानी फार झाली नाही.

एकूण मृत किमान ५८१. त्यात ६३ जणांची ओळखच पटली नाही आणि ११३ जणांचा काहीच पत्ता लागला नाही.

मुंबईत हेच थोड्या फरकाने तीन वर्षं आधी घडून गेलं होतं. ‘फोर्ट स्टिकिन’ हेही लढाईसाठी १९४२ मध्ये बांधलेलं मालवाहू जहाज, कॅनडातलं. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये त्यात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं एकत्र होती. तिथे मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिलला आपल्याकडे अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. फरक एवढाच की मुंबईच्या जहाजात स्फोटकं आहेत हे अधिकाऱ्यांना माहीत होतं. टेक्सास सिटीत विझवायला गेलेल्यांना ते खत वाटत होतं.

कोर्टात काय झालं

८ हजारांहून जास्त लोकांचे दावे अमेरिकन सरकारवर लागले. खत सरकारी कारखान्यांतलं, सरकारी योजनेतलं, मग धोक्याची सूचना का नाही, हा त्यांचा साधा प्रश्न. १९५० मध्ये खालच्या कोर्टाने सरकारला जबाबदार धरलं. वरच्या कोर्टाने ते फिरवलं. १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी सरकारची बाजू मान्य केली. हे धोरणाचे निर्णय होते, त्यासाठी सरकारवर दावा चालत नाही, असं कारण दिलं गेलं. न्यायमूर्ती कर्टिस यांच्या नावाने पाण्यात उतरलेल्या जहाजाचा निकाल त्यांच्याच न्यायालयात असा लागला. शेवटी १९५५ मध्ये संसदेने वेगळा कायदा केला आणि १,३९४ जणांना मिळून सुमारे १.७ कोटी डॉलर दिले गेले. तोवर दहा वर्षं होत आली होती.

आपल्या गोणीत काय असतं?

युरिया आणि डीएपी ही वेगळी रसायनं आहेत, ती या वर्गात मोडत नाहीत. कॅल्शियम अमोनियम नायट्रेटमध्ये चुनखडी मिसळून त्याचा जोर कमी केलेला असतो. निव्वळ अमोनियम नायट्रेट मात्र खाणीत आणि विहिरीच्या सुरुंगात वापरलं जातं. भारतात २०११ मध्ये ते स्फोटक म्हणून जाहीर झालं आणि २०१२ च्या नियमांनुसार ते बनवायला, साठवायला, वाहून न्यायला किंवा विकायला परवाना लागतो. विहिरीच्या कामावरून उरलेली अशी पिशवी गोठ्यात किंवा कडब्याजवळ ठेवू नये. डिझेल, भुसा आणि कापूस यांच्यापासून ती लांबच हवी. अशा मालाला आग लागलेली दिसली तर विझवायला किंवा व्हिडिओ काढायला जवळ जाऊ नये. सगळ्यांना लांब न्यावं आणि १०१ किंवा ११२ वर फोन करून कोणता माल आहे ते आधी सांगावं.

‘ग्रँडकॅम्प’चा तो नांगर टेक्सास सिटीच्या स्मृती उद्यानात ठेवला आहे. ओळख न पटलेल्या ६३ जणांना तिथेच पुरलेलं आहे.