कोस तेच, मुक्काम वेगळे

आपल्या जुन्या माणसांना एखादे गाव किती दूर आहे असे विचारले, तर ती कोस सांगत नसत. 'दोन मुक्कामांची वाट आहे,' म्हणत. पुणे आणि न्यूयॉर्क या दोन शहरांना हाच हिशेब लावून पाहावा. दोहोंमधले हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे पावणेआठ हजार मैल. ते पूर्वी होते तेवढेच आज आहे. बदलले ते मुक्काम.

पुण्यात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी डॉक्टरी शिकण्यासाठी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून आगबोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवस! वय अवघे अठरा आणि सोबत घरचे कोणी नाही. पुढची तीन वर्षे फिलाडेल्फियात गेली. घरच्या पत्राला आठवडेच्या आठवडे लागत. हाती पडणारी खुशाली शिळी झालेली असे. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, पण तोवर प्रकृती ढासळली होती. पती गोपाळरावांबरोबर ९ ऑक्टोबरला त्या परत निघाल्या, मुंबईला पोचल्या १६ नोव्हेंबरला. त्या वर्षीची दिवाळी वाटेतच सरली. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक तशीच राहिली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांना अमेरिकेत लेकीसारखे वागवले, त्यांच्याकडे अस्थी पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी गावी त्या विसावल्या. सातासमुद्रांची ती वाट आनंदीबाईंनी अशी तिसऱ्यांदा पार केली.

पुढे वाट आकाशातून निघाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईच्या जुहूला विमान आणले, त्यात माणसे नव्हती, टपाल होते. आधी पत्रे उडाली, मग माणसे! ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले आणि मे १९६० मध्ये एअर इंडियाची जेट विमाने न्यूयॉर्कला जाऊ लागली. मुंबईहून विमान कोठे न थांबता गेले, तर आज सोळा तासांच्या आसपास लागतात.

पुण्याच्या विश्रांतवाडीपलीकडेच लोहगावचा विमानतळ आहे. तेथून निघालेला माणूस वाटेत विमान बदलूनही साधारण दीड दिवसात न्यूयॉर्कला पोचतो. अठ्ठावन्न मुक्कामांची वाट दीडावर आली!

या वेगाचे कौतुक फराळाचे डबे लवकर पोचतात एवढ्यापुरतेच नाही. घरी आईने अंथरूण धरले, तर परदेशातली लेक आज तिच्या उशाशी येऊन बसू शकते. आनंदीबाईंच्या काळी निरोप कळून निघेपर्यंत आणि निघून पोचेपर्यंत सगळे आटोपलेले असे. कोस कमी झाले नाहीत, पण भेट वेळेवर होऊ लागली. विमानाची खरी कमाई ती हीच.