वडाळा : नोकरी करून शिकणाऱ्यांची वस्ती

मुंबईत कामगाराला शिकायचे तर आधी वेळ मिळवावा लागे. 1922च्या कायद्याने गिरण्यांतले काम दिवसाला 11 तासांवर आणले. 1934मध्ये ते 10 तास आणि 1948मध्ये 9 तास झाले. याच काळात कामगार नेते ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने (1911) गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. पाळी बदलली की वर्ग बुडे, ही रात्रशाळांची कायमची अडचण होती.

नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काढलेला मार्ग फार मोलाचा ठरला. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि वर्ग सकाळी ठेवले. त्यामुळे कचेरीतल्या कारकुनाला तास आटोपून कामावर जाता येई आणि पदवीसाठी पगार सोडावा लागत नसे. पुढे महाविद्यालय फोर्टमध्ये आले. वडाळ्यात राहणाऱ्यांना ते सोयीचे होते, कारण वडाळ्याहून हार्बर मार्गाची लोकल थेट बोरीबंदरला जाते आणि तिथून ते पायी गाठता येते.

पीपल्स एज्युकेशन सोसायटीचेच सिद्धार्थ विहार वसतिगृह वडाळ्यात होते. दहा बाय दहाच्या खोलीत सारे घर झोपले की दिवा लावायची चोरी, म्हणून चाळीतली मुले जिन्याखाली नाहीतर रस्त्यावरच्या दिव्याखाली पुस्तक उघडत. अशा मुलांना वसतिगृहातली एक खाट आणि टेबल म्हणजे मोठाच आधार. दलित पँथरचे एक संस्थापक राजा ढाले इथेच राहत. 1972मध्ये उभ्या राहिलेल्या या संघटनेच्या कार्यकर्त्यांचा राबता याच वसतिगृहात असे.